करंगळीला दोन वेढे

प्रेमा : लाल दोरा कधी आणलास, वहिनी?

नवशी : लाल कुठं? पांढराच हाय. एकच तर रीळ हाय माझ्याकडं.

प्रेमा : मग हे काय?

नवशी : कुठं? अगं बाय... रगत हाय. कुनाचं?

प्रेमा : कुणाचं म्हणजे? तुझंच! करंगळी बघ, दोरा मांसात रुतलाय. सोड आधी.

नवशी : थांब, ओढू नको. एवढी कड पुरी होऊ दे. ही टॅटिंगची लेस हाय, हिची गाठ एकदा बसली का सुटत नाय. कापावंच लागतं मंग.

प्रेमा : बोट कापलंय तुझं! दुखत नाही?

नवशी : दुखलं असतं तर थांबले नसते काय? तो फडका दे. झालंय काय, हल्ली माझं काम सैल पडतंय. फूल कसं घट्ट बसाया पायजे, तर पाकळ्या लोंबतात. म्हनून करंगळीला एकाच्या जागी दोन वेढे देते नि ताणून धरते. आज जरा जास्तच ताणला असंल.

प्रेमा : हल्ली म्हणजे कधीपासून?

नवशी : भातकापणी झाली तवापासून. पयलं मला वाटलं दोराच खराब. मंग वाटलं, वय झालं.

प्रेमा : चाळिशीत कसलं वय! लग्नाच्या घरात एवढी कामं पडलीत, आणि तू हे घेऊन बसलीस.

नवशी : तुझा भाऊ पन तेच बोलतो. पोट भरतं का त्यानं, म्हनतो. दिसभर दुसऱ्याच्या बांधावर वाकते, घरी येऊन चूल, पानी, शेळ्या. दुपारचं हे घटकाभर तरी माझं आसू दे. रुपयाएवढं फूल होतं. कशालाच लागत नाय. कॅलेंडरच्या पानांत घालून ठेवते, झालं.

प्रेमा : वसईवालीनं बरं वेड लावलं तुला.

नवशी : टीनाबाईनं. मोगऱ्याच्या वाडीवर कामाला होतो त्या साली. दुपारच्याला समदे निजायचे, ती वट्यावर बसून दोरा गुंडाळलेलं शटल फिरवायची. मी इचारलं, याचं करायचं काय? ती म्हनली, काय नाय करायचं. मला लई नवल वाटलं. काय नाय करायचं असं आपल्यात काय असतं?

प्रेमा : हात इकडं कर. हा मनगटाखालचा डाग कसला? भाजलंय.

नवशी : तव्याचा असंल.

प्रेमा : असेल? भाजलं ते तुला कळलं नाही?

नवशी : उलटतपासणी काय घेतेस गं पोलिसासारखी?

प्रेमा : वहिनी, डोळे मीट. मी पेनचं टोक टेकवते. जिथं कळेल तिथं उजव्या हाताचं बोट ठेव.

नवशी : पोरांचा खेळ हाय काय? बरं. मिटले.

प्रेमा : कळलं?

नवशी : हां. अंगठा.

प्रेमा : आता?

नवशी : मधलं बोट.

प्रेमा : आता?

नवशी : टेकव की.

प्रेमा : आता?

नवशी : टेकव म्हनते ना. नुसती बसलीस काय?

प्रेमा : डोळे उघड.

नवशी : काय झालं?

प्रेमा : त्यानंतर चार वेळा टेकवलं मी. बघ, शाईचे ठिपके बघ. करंगळीला दोन, शेजारच्या बोटाला दोन. बाही वर कर. कोपराच्या वरचा तो चट्टा दाखव. भाताच्या आवणीच्या वेळी बघितला होता मी.

नवशी : गजकर्ण हाय ते. तूच तर मलम दिलंस.

प्रेमा : खाजतो?

नवशी : नाय.

प्रेमा : मलमानं गेला?

नवशी : वाढला उलट.

प्रेमा : उद्या सकाळच्या जीपनं जव्हारला जाऊ. दवाखान्यात.

नवशी : नाव घे.

प्रेमा : कशाचं?

नवशी : रोगाचं नाव घे, प्रेमा. आशाताई म्हनून दारोदार सांगत फिरतेस ना? चट्टा दिसला तर लपवू नका, म्हनून? आता माझ्या तोंडावर घे नाव.

प्रेमा : कुष्ठरोग. असेल, म्हणते. डॉक्टर बघतील, मगच खरं.

नवशी : फागीआत्याचा.

प्रेमा : हो. आमच्या आत्याचाच. पण आता त्याच्या गोळ्या मिळतात, वहिनी. वर्षभर खायच्या, की संपलं. पहिल्या गोळीनंतर दुसऱ्याला लागायचं भय राहत नाही.

नवशी : फागीआत्याच्या टायमाला गोळ्या नव्हत्या?

प्रेमा : होत्या. कोणी तिला नेलं नाही.

नवशी : मी नवी नवरी होते तवा. तुझ्या आयनं पयलं काम दिलं ते तेच. वहाळापल्याड खोपट, त्याच्यापुढं दगड. दगडावर भाकरी ठेवायची नि मागं न बघता परत यायचं. ती आतून बोलायची, पोरी, घटकाभर बस गं. मी पळत सुटायची. तीन पावसाळे भाकरी नेली मी. एकदा पन नाय बसले.

प्रेमा : तसं काही होणार नाही तुझं.

नवशी : कोन म्हनतं? तू म्हनतेस? सव्वीस दिस राह्यलेत रविनाच्या लग्नाला. तुझा भाऊ मांडवाचे बांबू बघाया गेलाय. पोरगी जव्हारला, चोळ्या शिवाया टाकल्यात त्या आनायला. उद्या तू मला जीपमधी घालशील, परवा तुमची मानसं येतील घरातल्या समद्यांचं अंग तपासाया. पाडा बघंल. त्याच्या दुसऱ्या दिशी मोखाड्याला, सोयऱ्यांना कळंल.

प्रेमा : कळू दे. मुकेश शिकलेला मुलगा आहे.

नवशी : मुकेश नाय, त्याची आय. गोजाबाई. बैठकीला तिनं चारदा इचारलं. चारदा! घरात कुनाला काय दुखनं हाय का, जुनं काय हाय का. तुझ्या भावानं चारदा सांगितलं, नाय. आता मी लग्नाआधी हा हात घेऊन जाऊ तिच्यापुढं?

प्रेमा : सव्वीस दिवस थोडे नाहीत. शीर सुजलेली असते, आतल्या आत मरते. आज बोटाला कळत नाही, उद्या बोट वाकेल. वाकलं की...

नवशी : वाकू दे. एका बोटानं पोरगी उजवत असंल तर घे म्हनावं.

प्रेमा : असं बोलू नको. मला कळवावंच लागेल. माझं काम आहे ते.

नवशी : मागच्या साली पन तुझं कामच व्हतं.

प्रेमा : म्हणजे?

नवशी : घरोघरी बघत फिरलात तुमी. समद्यांच्या नावापुढं खूण केलीत. माझ्या नावापुढं काय लिवलंस? बघितली, चट्टा नाय. बघितली व्हतीस?

प्रेमा : तू हसून पळवून लावलंस मला! नणंदेपुढं काय चोळी काढू, म्हणालीस.

नवशी : मी हसले. लिवलंस तू.

प्रेमा : वहिनी...

नवशी : तुझी मॅडम इचारंल ना, एका सालात एवढा चट्टा कुठून आला? काय सांगशील?

प्रेमा : तू मला भीती घालतेस?

नवशी : मला भ्या वाटतंय, तेच तुला दाखवते. सव्वीस दिस गप बस, प्रेमा. तुझ्या भाचीचं लग्न हाय. अक्षता पडल्या की दुसऱ्या दिशी तू म्हनशील तिथं येते.

प्रेमा : दुसऱ्या दिवशी?

नवशी : दुसऱ्या दिशी.

प्रेमा : रविनाची शपथ घे.

नवशी : तिची नको. माझीच घेते.

प्रेमा : ...चुलीतलं काही डाव्या हातानं धरायचं नाही. रोज दोन्ही हात उजेडात बघायचे, कुठं कापलं, कुठं भाजलं. आणि हे दोऱ्याचं बंद.

नवशी : एवढं फूल पुरं करू दे.

प्रेमा : बंद म्हणजे बंद!

*

गोजाबाई : ते पातेलं ठेवा खाली, विहीणबाय. कवाची बघते, चुलीवरून उतरवलंत तशाच धरून उभ्या. फडका नाय, काय नाय.

नवशी : लई नाय तापलेलं.

गोजाबाई : वाफ येतेय त्यातून.

नवशी : ठेवते. तुमी बसा की, विहीणबाई. रविना विहिरीवर गेली, येईल एवढ्यात. लग्नाला आज कुठं नऊ दिस होतात, न्यायला लवकर आलात.

गोजाबाई : मुकेशला करमत नाय, तो बोलत नाय, म्हनून मी आले. तोवर तुमचा हात दाखवा.

नवशी : कसला हात?

गोजाबाई : डावा. पदराखाली धरलाय तो. लग्नात पन असाच धरला व्हतात. मला वाटलं, नवीन लुगडं, अवघडल्यात.

नवशी : भाजलाय. हळदीच्या दिशी, पंगतीचा भात उतरवताना.

गोजाबाई : भाजल्यानं कातडं जातं. बोट वाकतं काय? दाखवा हो. मी काय परकी? हं. करंगळी नि तिच्या शेजारचं. कोपरात ठणका व्हता?

नवशी : तुमाला कसं ठाऊक?

गोजाबाई : व्हता का?

नवशी : हळदीच्या आदल्या दिशी सुरू झाला. चार दिस. हात खांद्यापास्नं तोडून टाकावा असं वाटलं. पाव्हण्यांत कुनाला सांगू? मंग ठणका गेला. मला वाटलं, सुटले. सकाळी बघते तर बोट सरळ व्हईना.

गोजाबाई : गोळ्या सुरू केल्यास?

नवशी : कसल्या गोळ्या?

गोजाबाई : बारा महिन्याच्या. ज्या मी खाल्ल्या त्या.

नवशी : काय बोलताय, विहीणबाई?

गोजाबाई : बैठकीला तू बायांत म्हनलीस ना, विहीणबाय उन्हानं लई काळ्या पडल्यात, बिचाऱ्या बिल्डिंगच्या कामाला व्हत्या ठाण्याला? ऊन कसलं! त्या गोळ्यांनी कातडी काळी होते. हळूहळू उतरते. पयल्या दिशी तर मुताला बसले नि बघते तो लालभडक. मी भ्याले, म्हनलं, मेलेच. तुला पन होईल. भ्यायचं नाय.

नवशी : तुमाला... तुमाला हाय?

गोजाबाई : व्हता. गेला. पाठीवर चट्टे व्हते, सात. माझी पाठ मला कुठं दिसती?

नवशी : आन् बैठकीला आमालाच इचारत बसलात! घरात काय दुखनं हाय का, घरात काय दुखनं हाय का!

गोजाबाई : चारदा इचारलं.

नवशी : चारदा! त्या चार वेळांनी माझं बोट खाल्लं, विहीणबाई. तुमच्या भ्यानं मी गप बसले.

गोजाबाई : मी तुझ्या तोंडाकडं बघत व्हते. वाटलं, एकदा तरी कोनी बोलंल, हां, आमच्यात पन झालं व्हतं एकाला. म्हंजी मी पन बोलले असते. तेवढ्यासाठी परत परत इचारलं.

नवशी : तुमीच बोलायचं पयलं.

गोजाबाई : बोलले असते तर पोरगी दिली असतीस?

नवशी : आता इचारून काय...

गोजाबाई : नाय, बोल. आपुन दोघीच हाओत. मी म्हनले असते, मला महारोग झालेला, माझ्या घरात पोरगी दे. दिली असतीस?

नवशी : ...नाय.

गोजाबाई : हां.

नवशी : नसती दिली.

गोजाबाई : मंग माझ्यावर कशाला चिडतेस? मी पन तुझी घेतली नसती. बस आता. अशी लांब नको, इथं जवळ बस. हात दे माझ्याकडं. रोज तेल लावायचं, नि बोटं अशी दाबून सरळ करायची, अशी. दुखत तर नायच आपल्याला.

प्रेमा : वहिनी, आज तुझं काही एक ऐकणार नाही मी, जीप खाली उभी... अगं बाई, विहीणबाई आलात? कधी?

गोजाबाई : ये आशाताई. बरी आलीस. हिचं बोट बघितलंस?

नवशी : यांना समदं कळलंय, प्रेमा. यांना पन झाला व्हता.

गोजाबाई : बोट बघितलंस का, इचारते.

प्रेमा : बघितलं.

गोजाबाई : कवा?

प्रेमा : बोट नव्हतं वाकलं तेव्हा. लग्नाच्या सव्वीस दिवस आधी.

नवशी : मीच तिला गप बसवलं. लग्न झाल्यावर दुसऱ्या दिशी जायचं ठरलं व्हतं. पन पाव्हणे हालेनात, मंग देवाचं राह्यलं व्हतं. ती दोनदा आली न्यायला. मीच...

गोजाबाई : तू गप. आमच्या पाड्याची आशा हाय, सुकरी. एका ताटात जेवायचो आमी, ठाण्याला एका झोपडीत राह्यलो. तिच्या पोरीचं बाळंतपण मी केलं. उन्हाळ्यात अंगणात न्हात व्हते, तिनं माझी पाठ बघितली. काय नाय बोलली. दुसऱ्या दिशी सकाळी दारात गाडी. मी म्हनलं, मुकेशचं लग्न जमू दे. पाया पडले तिच्या. ती म्हनली, गाडीत बस.

प्रेमा : मग?

गोजाबाई : मंग काय? समद्या पाड्यापुढं शिव्या घातल्या तिला. तिच्या मेलेल्या आयवरून घातल्या. शेजारी कालवण देतात-घेतात, ते पन बंद केलं. दोन सालं झाली, मी तिच्याशी बोलत नाय. परवा लग्नाला पन नाय बोलावलं.

प्रेमा : आणि तुमचे हात?

गोजाबाई : हे बघ. दहाच्या दहा सीधी. आता रडत बसू नको. जीप उभी हाय म्हनलीस ना? ने हिला. मी थांबते रविनाजवळ.

नवशी : तिला काय सांगाल?

गोजाबाई : खरं सांगेन. पयलं माझं. मंग तिच्या आयचं.

*

प्रेमा : गोळ्यांचं दुसरं पाकीट नीट ठेवलंस ना पिशवीत? ऊन लागू देऊ नको त्याला.

नवशी : ठेवलंय. एक महिना झाला, अजून अकरा... नाय, हे धरून अकरा. बरोबर?

प्रेमा : बरोबर. आपली जामसरची जीप भरायला वेळ आहे अजून. स्टँडवर सावलीत बस, ये. डॉक्टर आत तुला एकटीला काय म्हणाले?

नवशी : बोट जरा उठतंय म्हनले. सुजेच्या गोळीनं अजून थोडं उठंल. पुरं सरळ नाय व्हनार. आन् कळायचं तर काय परत येत नाय. मी इचारलं, कायमचं? ते म्हनले, आता डोळ्यांनी बघून काम करायचं, कातडीवर भरवसा ठेवायचा नाय.

प्रेमा : बाकी काही?

नवशी : म्हनले, ठणक्याच्या आधी आली असतीस तर वाकलंच नसतं. तू इचारलंस म्हनून सांगितलं.

प्रेमा : घरात कोणाला काही नाही निघालं, हे तरी बरं. रविनाला नाही, मुकेशला नाही. भाऊच्या अंगावर तर साधा डागही नाही.

नवशी : तुझा भाऊ वट्यावर निजतो आता.

प्रेमा : कधीपासून?

नवशी : कळलं त्या दिशीपास्नं. आत उकडतं म्हनतो.

प्रेमा : उकडतंच की, वहिनी. जेठाचा महिना आहे.

नवशी : हां. मी पन तेच म्हनते.

प्रेमा : मी बोलू त्याच्याशी?

नवशी : काय बोलशील? तो वाईट नाय बोलत काय. पाकीट पन त्यानंच खुंटीला टांगलं, शेळ्या खातील म्हनून. गोळी घेतलीस का, रोज इचारतो. वट्यावरून इचारतो. वीस सालं झाली लग्नाला, प्रेमा. पावसाळ्यात तरी आत येतो का बघू.

प्रेमा : पाड्यावर कोणी काही बोललं?

नवशी : तोंडावर कोन बोलतं? पान्याला गेले की बाया घागर उचलून वाट देतात. आधी मला पुढं सरक म्हनून धक्के मारायच्या. आता लई मान देतात.

प्रेमा : पहिल्या गोळीनंतर लागत नाही कोणाला. मी सांगितलंय सगळ्यांना. परत सांगेन.

नवशी : सांग. मला पन तू आधी सांगितलं व्हतंस, मी तरी कुठं ऐकलं? मीच भाकरी ठेवून पळाले ना? त्यांना कुठल्या तोंडानं बोलू?

प्रेमा : दोरा-शटल तरी हातात घेतेस का? आत्ता डॉक्टरांना तू दाखवत होतीस काहीतरी, दारातून दिसलं मला.

नवशी : पयल्या खेपेलाच त्यांनी इचारलं व्हतं, हातानं काय काय करता. मी चूल सांगितली, इळा सांगितला, मंग हे पन सांगितलं. ते म्हनले, डाव्या हाताला दोरा नको, शटल द्या. दोरा उजव्या हातात. म्हंजी समदं उलटं. त्यांनी नुसतं बोलायचं! आठ दिस झाले, तसं करते, तेच दाखवलं. डाव्या हाताचा अंगठा नि पयलं बोट चांगलं हाय ना, शटल धरता येतं. पन सवय उजव्याची. हातच ऐकत नाय. पयल्या दिशी टीनाबाईनं शिकवलं तवा पन असंच वाटलं व्हतं, पन तवा मी तरनी व्हते.

प्रेमा : झालं एखादं फूल?

नवशी : कसलं फूल? एक पाकळी केली, ती पन मुडपलेली. कापून टाकली. परत बसले.

प्रेमा : रागावून सोडून दिलं असतं मी.

नवशी : सोडून काय करू? दुपार तर रोज येते.

प्रेमा : वहिनी, एक सांगायचंय तुला. जीप भरायच्या आत सांगते.

नवशी : बोल की.

प्रेमा : पहिल्या दिवशी आलो तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं होतं, ताई, तुमच्या कधी लक्षात आलं? मी म्हणाले, आठवड्यापूर्वी.

नवशी : ऐकलं मी. शेजारीच बसले व्हते.

प्रेमा : आज परत आत गेले आणि खरं सांगितलं. सव्वीस दिवसांचं. आणि मागच्या साली न बघता खूण केली, तेही.

नवशी : कशाला? काय म्हनले?

प्रेमा : काही नाही. चष्मा काढला, पुसला, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

नवशी : तुझं काम जाईल काय?

प्रेमा : माहीत नाही. कळवतील वर. जाईलही. पण ते नाही सांगायचं मला. तुला वाटतं ना, मी रविनासाठी गप बसले? नाही बसले तिच्यासाठी. तू लग्नाचं बोललीस तेव्हा मी नाहीच म्हणत होते. तू त्या कागदाचं काढलंस, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. घरी जाताना मी स्वतःला सांगत गेले, भाचीसाठी करतेय, भाचीसाठी करतेय. रोज सांगायची. मांडवात अक्षता टाकताना पण तेच सांगितलं.

नवशी : मला ठाऊक हाय.

प्रेमा : काय ठाऊक आहे?

नवशी : कागदाचं बोलले तवा तुझं तोंड मी बघितलं. लग्नाचं बोलून तू ऐकनार नाय हे मला कळलं, म्हनूनच कागदाचं काढलं. मला ठाऊक व्हतं कुठं लागंल ते.

प्रेमा : आणि एवढे दिवस काही बोलली नाहीस.

नवशी : काय बोलू? दोरी तुझ्या गळ्यात मीच टाकली, नि मीच म्हनू, का गं तुझा आवाज फुटला नाय?

प्रेमा : विहीणबाई बोलल्या का सुकरीशी?

नवशी : नाय. मी इचारलं परवा, रविनाला भेटाया गेले तवा. म्हनल्या, तिच्यामुळं हात राह्यले, मला कळतं. पन समोर दिसली की त्या दिवसाची गाडी दिसते, नि पाय मागं फिरतात. जमत नाय म्हनल्या.

प्रेमा : दोन वर्षं झाली तरी?

नवशी : तू त्या दिशी मला ओढत नेलं असतंस ना, प्रेमा, मी पन तुझ्याशी नसते बोलले.

प्रेमा : किती दिवस?

नवशी : कायमची. मला मी ठाऊक हाय.

प्रेमा : चाललं असतं, वहिनी.